बीजिंगच्या बागांतला व्यायाम: पहिल्या वर्षाचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीमुळे बीजिंगला येणाऱ्या मराठी स्त्रिया निघण्यापूर्वी जे प्रश्न विचारतात, त्यांत घर, शाळा आणि शाकाहारी जेवण यांच्या खालोखाल दोन प्रश्न हमखास असतात: तिथे व्यायामाला कुठे जायचे आणि बाहेर पडताना काय घालायचे. मार्च २०१८ मध्ये मी इथे आले, तेव्हा माझ्याजवळही हेच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे देणारे मराठीत काही सापडले नव्हते. पुढे वर्ष उलटले, निवास परवान्याचे नूतनीकरणही झाले, म्हणून जे जसे घडले त्या क्रमाने लिहिते. सुरुवातीला सरकारी कागदपत्रांचा भाग येईल. तो मी मुद्दाम ठेवला आहे, कारण पहिला महिना त्यातच जातो आणि बागेत जाण्याशी त्याचा वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

माझा व्हिसा 'एस-१' प्रकारचा, म्हणजे चीनमध्ये नोकरी करणाऱ्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना दीर्घ वास्तव्यासाठी मिळणारा होता. त्यासाठी लग्नाचा दाखला आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावा लागला. या तिन्ही शिक्क्यांना मिळून महिन्याहून अधिक काळ गेला, त्यामुळे हे काम तिकीट काढण्याच्या आधी सुरू करावे. चीनमध्ये उतरल्यावर चोवीस तासांच्या आत राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात नोंदणी करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच ती करते, पण भाड्याच्या घरात राहायला जाताच ती पुन्हा आपल्याला करावी लागते. त्यानंतर तीस दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी उरकायची.

तपासणीला उपाशीपोटी जायचे असते. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि सोनोग्राफी हे सगळे एकेका खोलीत झपाट्याने होते, खर्च सुमारे सातशे युआन आला आणि त्या वेळी एक युआन म्हणजे साधारण दहा रुपये होते. धातूची बटणे नसलेला, सैल आणि दोन भागांचा पोशाख घालून जावे, म्हणजे प्रत्येक खोलीत वेळ मोडत नाही. या तपासणीला परदेशी जाणारे चिनी नागरिकही येतात, आणि तिथल्या रांगेतच इथल्या कपड्यांची पहिली ओळख झाली. बाहेर चांगले ऊन होते, मी एका स्वेटरवर होते, आणि माझ्या पुढच्या तरुण मुलीने रक्त देण्यासाठी बाही वर केली, तेव्हा जाकिटाखाली लोकरी स्वेटर, त्याखाली आणखी एक पातळ स्वेटर आणि त्याखाली अंगाला घट्ट बसणारा सुती थर असे सगळे तिला एकामागून एक सरकवावे लागले. पँटच्या खालीही तसाच लांब सुती थर होता. बाहेरून पाहता ती मुलगी सडपातळ आणि अगदी साध्या कपड्यांत दिसत होती.

परवान्याचा अर्ज आंदिंगमन भागातल्या कार्यालयात दिला. एका वर्षाच्या परवान्याचे शुल्क तेव्हा आठशे युआन होते. अर्ज देताना पासपोर्ट ठेवून घेतात आणि त्याऐवजी छायाचित्र असलेली पावती देतात. ही पावती जपून ठेवावी. परवाना हातात पडायला दोन आठवड्यांहून थोडे अधिक लागले. पासपोर्टच जवळ नसल्यामुळे या काळात बँकेत खाते उघडता येईना, खाते नसल्यामुळे मोबाइलवरून पैसे देता येईनात, आणि घराजवळच्या व्यायामशाळा तर वर्षभराची काही हजार युआनची वर्गणी एकरकमी मागत होत्या. पुण्यात इतकी वर्षे सकाळी व्यायाम केल्यानंतर अचानक घरात बसून राहणे मला जड जाऊ लागले. भाषा येत नव्हती, नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडत असे आणि दिवसभरात लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांखेरीज कोणाशी नजरानजरही होत नसे. तेव्हा जिथे पैसे लागत नाहीत आणि कागद दाखवावा लागत नाही, अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे बाग.

आमचे घर छाओयांग भागात, रितान पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मिंग राजघराण्याच्या काळात, १५३० मध्ये, सूर्याच्या पूजेसाठी बांधलेल्या वेदीभोवतीची ही बाग असून तिला प्रवेशशुल्क नाही. सकाळी सहालाच दरवाजे उघडतात. सात वाजता मी आत शिरले, तेव्हा एवढ्या थंडीत माणसे नसतील अशी माझी समजूत होती, पण बाग भरलेली होती. काही जण भराभर चालत होते, काही जण त्याच वाटेवर पाठमोरे चालत होते, आणि पुढून येणारे त्यांना सहज वाट देत होते. एक आजी कमरेएवढ्या उंचीच्या कठड्यावर एक पाय सरळ ठेवून, त्यावर वाकून, शेजारच्या आजींशी बोलत उभ्या होत्या, आणि हे बोलणे बराच वेळ चालले तरी पाय खाली आला नाही. एक गृहस्थ झाडाच्या खोडावर पाठ लयीत आपटत होते. कोणी टाळ्या वाजवत होते, कोणी खांद्यापासून मनगटापर्यंत हात थोपटत होते. चौघे-पाच जण वर्तुळ करून पिसांचे फूल पायाने उडवत होते. हा ज्यान्झी नावाचा जुना खेळ, आणि त्यात पासष्टीच्या बाई टाच मागे नेऊन फूल पुढच्याकडे अचूक पाठवत होत्या. एका कोपऱ्यात लोखंडी साधने होती: कंबर फिरवण्याची तबकडी, झोके घेत चालण्याचे यंत्र, खांद्यांसाठी चाके. अशी साधने इथे वस्त्यावस्त्यांतून दिसतात. १९९५ मध्ये सरकारने सर्वांसाठी व्यायामाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, त्यानंतर ती बसवायला सुरुवात झाली, आणि त्यांचा बराचसा खर्च क्रीडा लॉटरीच्या पैशांतून होतो. साधनांवर तसे चिन्हही असते.

मी मात्र सर्वांत जास्त वेळ पाहत राहिले ते कपडे. झाडावर पाठ आपटणारे गृहस्थ लोकरी पँट आणि चामडी बुटांत होते. त्यांचा कोट शेजारच्या फांदीला टांगलेला होता. कठड्यावर पाय ठेवलेल्या आजींच्या अंगात फुलाफुलांचे कापूस भरलेले जाकीट, गळ्यात रेशमी रुमाल आणि पायांत कापडी बूट होते. झाडाखाली चाकांच्या बाजाराच्या पिशव्या ओळीने उभ्या होत्या. व्यायामासाठी म्हणून वेगळा पोशाख त्या साऱ्या गर्दीत फार थोड्यांच्या अंगावर होता, आणि ते बहुतेक तरुण धावणारे होते. काही आठवडे पाहिल्यावर याचे कारण लक्षात आले. इथल्या वयस्क माणसांचा व्यायाम दिवसाच्या इतर कामांत गुंफलेला असतो. नातवाला शाळेत सोडून बागेत यायचे, बागेतून मंडईत जायचे, मंडईतून घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचे, अशी ती एकच फेरी असते, आणि त्या फेरीत कपडे बदलायला जागाच नसते. नातवंडांचे कपडेही याला जुळणारे. चिनी सरकारी शाळांचा गणवेश बहुतेक ठिकाणी सैल ट्रॅकसूटच असतो, त्यामुळे सकाळी रस्त्यात दिसणारी मुले कुठल्याशा क्रीडास्पर्धेला निघाल्यासारखी वाटतात. शाळेत सामूहिक कवायत होतेच. आकाशवाणीवरच्या आकड्यांच्या तालावर करायची ही कवायत १९५१ मध्ये सुरू झाली, आणि आज बागेत येणारी पिढी तिच्याच तालावर वाढली आहे. संगीत लागले की अनोळखी माणसेही एका ओळीत हात वर करतात, याचे मूळ मला तिथे दिसते.

वेदीच्या भिंतीलगत एक गट ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करत असे. वीस-बावीस माणसे, बहुतेक स्त्रिया, आणि पुढे निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई. मी तीन-चार सकाळी दुरून पाहिले. मग एके दिवशी त्या बाईंनी न बोलता हाताने शेवटच्या रांगेतली जागा दाखवली. नाव, देश, वय, शुल्क यांपैकी काहीही त्या दिवशी कोणी विचारले नाही. सामील होण्याची रीत एवढीच आहे, आणि नव्याने येणाऱ्यांना मी ती आवर्जून सांगते: एकाच गटापाशी, एकाच वेळी, रोज जावे आणि मागच्या रांगेत उभे राहावे. पुढच्या रांगेत जाणकार असतात, मधल्यांना क्रम पाठ असतो, आणि शेवटची रांग शिकणाऱ्यांसाठी मोकळीच असते. पहिल्या आठवड्यात आपल्याकडे कोणी विशेष पाहत नाही याचे मला वाईटच वाटले होते, पण त्या न पाहण्यामागे शिकणाऱ्याला संकोच वाटू नये ही समज आहे, हे पुढे अनुभवाने कळले. एप्रिलमध्ये गटाच्या मोबाइल समूहात मला घेतले गेले आणि स्पीकरच्या बॅटरीसाठी वीस युआन मागितले गेले. वर्षभरात नियमित वर्गणी म्हणावी अशी तेवढीच.

जो क्रम आम्ही करत होतो, तो चोवीस हालचालींचा आहे. १९५६ मध्ये सरकारी क्रीडा मंडळाने ताई-चीच्या यांग घराण्याच्या परंपरेतल्या लांब क्रमावरून तो सर्वसामान्यांसाठी बसवला. संथपणे केल्यास साधारण सहा मिनिटे लागतात. बघताना सोपा वाटणारा हा प्रकार गुडघ्यांना फार मागतो, कारण संपूर्ण वेळ गुडघे किंचित वाकलेले असतात आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर एका गतीने न्यायचे असते. सुरुवातीला घरी जिना चढताना मांड्या थरथरत. क्रम लक्षात राहायला जूनचा पहिला आठवडा उजाडला, आणि तेव्हाच शिक्षिकाबाईंनी पहिल्यांदा माझ्या कमरेला हात लावून ती अर्ध्या बोटाने सरळ केली. पुण्याहून आणलेले जाड तळव्यांचे बूट त्यांनी बदलायला लावले, कारण पायाला जमीन कळायला हवी. पातळ सपाट तळव्याचे कापडी बूट इथे पन्नास-साठ युआनला मिळतात आणि बहुतेक सगळे तेच वापरतात. रेशमासारखे चमकणारे पांढरे ताई-चीचे पोशाख, जे आपण चित्रांत पाहतो, ते केवळ कार्यक्रमांच्या दिवशी बाहेर निघतात.

याच काळात कपड्यांविषयीची इथली खरी काळजी मला समजली. एप्रिलच्या मध्यात मला उकडू लागले आणि मी घोट्यापर्यंतचे मोजे सोडून आखूड मोजे घालून गेले. त्या सकाळी गटातल्या तीन बायकांनी स्वतंत्रपणे माझ्या घोट्याकडे बोट दाखवून चेहरा गंभीर केला, आणि चौथीने मोबाइलवर भाषांतर करून दाखवले की वारा आत शिरेल आणि म्हातारपणी सांधे दुखतील. त्यांच्या मते गुडघे, कंबर, मान आणि पोट या गारव्याच्या वाटा आहेत. वसंतात थर लवकर काढू नयेत आणि शरदात लवकर चढवू नयेत, अशी जुनी शिकवण आहे आणि ती माणसे खरोखर पाळतात. मे महिना लागेपर्यंत आतला लांब सुती थर बहुतेकांच्या अंगावर असतो. थंड पाणी कोणी पीत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास असतो, आणि ताई-ची संपल्यावर तो उघडून दहा मिनिटे गप्पा होतात. आपल्याकडच्या वाताच्या समजुती ज्यांच्या घरात होत्या, त्यांना हे फार परके वाटणार नाही. एवढे खरे, की अनोळखी बाईने आपल्या अंगावरच्या कपड्यांविषयी इतक्या सरळपणे बोलावे, याची सवय व्हायला वेळ लागतो. मी ते काळजी म्हणूनच घेतले आणि घोटे झाकले.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून पॉप्लर आणि विलो या झाडांचा कापूस हवेत तरंगू लागतो. तेव्हा मास्क आणि चष्मा जवळ ठेवावा. हिवाळ्यातल्या धुरासाठी आणलेले मास्क इथेही उपयोगी पडतात. हवेची पातळी मोबाइलवर पाहून बाहेर पडायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी. हवा फार बिघडली की आमचा गट समूहावर निरोप टाकून सुट्टी घेतो.

उन्हाळ्यात चित्र पालटते. जूनमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे गेला, आणि ज्या बायकांना मी थरांत पाहिले होते, त्यांनी आता उन्हाविरुद्ध थर चढवले: मनगटापासून दंडापर्यंत सुट्या बाह्या, चेहऱ्यावर उतरणारी काळ्या काचेसारखी टोपी, पातळ टोपीवाले जाकीट आणि चालताना छत्री. गोऱ्या कातडीचा आग्रह यामागे आहे, आणि मला तो आपल्याकडच्याइतकाच खटकतो. पुरुषांची गोष्ट निराळी. संध्याकाळी गल्ल्यांतून पुरुष बनियन छातीपर्यंत गुंडाळून, पोट उघडे ठेवून, खुशाल बसलेले दिसतात. तरुण मुली अगदी आखूड चड्ड्यांत किंवा स्कर्टमध्ये भुयारी रेल्वेने एकट्या फिरतात आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. उलट खोल गळ्याचे कपडे फारसे दिसत नाहीत. ज्या मराठी मुलींना आपल्या शहरात गुडघ्यावरची चड्डी घालून धावायला जाताना चार वेळा विचार करावा लागतो, त्यांना मी निःसंकोच सांगते की इथे तसेच धावा. या मोकळेपणाची किंमत मला इथे आल्यावर कळली. पंजाबी पोशाखातही मी अनेकदा बागेत गेले, तेव्हा कापडाला हात लावून ते सुती आहे का, एवढेच विचारले गेले.

संध्याकाळी साडेसातनंतर बागांपेक्षा चौकांना जाग येते. मोठा स्पीकर मध्ये ठेवून स्त्रिया ओळीने नाचतात, आणि त्यांचे काही गट एकसारखे टी-शर्ट आणि पांढरे हातमोजे घालून, संगीतावर हात झुलवत संचलनासारखे चालतात. हातमोज्यांचा हा प्रकार ईशान्येकडच्या ज्यामुसू शहरातून देशभर पसरला. इतक्या स्त्रियांना वेळ कसा मिळतो, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. उत्तर २०२४ अखेरपर्यंतच्या निवृत्तीच्या नियमांत आहे: कामगार स्त्रिया पन्नासाव्या वर्षी आणि कार्यालयीन कर्मचारी स्त्रिया पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होत, पुरुष साठाव्या. पन्नाशीच्या धडधाकट स्त्रीसमोर मोकळी संध्याकाळ असे आणि घरातली खोली लहान असे. आवाजावरून शेजाऱ्यांशी भांडणेही होतात. सरकारने २०१५ मध्ये नाचाचे बारा नमुना क्रम प्रसृत केले, तर नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रीडा प्रशासनाने जागा आणि आवाज यांविषयी नियमावली काढली. आमच्या चौकातला गट साडेनऊला स्पीकर बंद करतो. मी या नाचात दोन-तीनदा सामील झाले, परंतु संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास यांमुळे ते पुढे जमले नाही.

८ ऑगस्ट हा इथे राष्ट्रीय व्यायाम दिन असतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाची ती तारीख, आणि २००९ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी अनेक सार्वजनिक क्रीडासंकुले विनामूल्य किंवा सवलतीत खुली असतात. मी पोहायला जायचे ठरवले ते त्यामुळे. तिथे दोरीने तलावाचे दोन भाग केलेले होते, आणि खोल भागात जाण्यासाठी प्रमाणपत्र हवे असे सांगण्यात आले. त्याची परीक्षा त्याच आठवड्यात दिली: न थांबता दोनशे मीटर पोहायचे आणि त्यानंतर खोल पाण्यात तीस सेकंद जागच्या जागी तरंगायचे. कोणत्याही पद्धतीने पोहलेले चालते आणि वेळेचे बंधन नाही. पासपोर्ट, एक छायाचित्र आणि किरकोळ शुल्क दिल्यावर तिथल्या तिथे कार्ड मिळाले. परीक्षकाच्या सूचना चिनी भाषेत होत्या, म्हणून मी आधीच्या दोन व्यक्तींची परीक्षा काठावर बसून पाहिली आणि तसेच केले. नव्या माणसाने हेच करावे.

पोहण्याच्या कपड्यांविषयी भारतातून येणाऱ्या बायकांना जी धास्ती असते, तिला इथे कारण नाही. टोपी सक्तीची आहे, ती नसेल तर पाण्यात उतरू देत नाहीत. मात्र पोशाखात बहुतेक मध्यमवयीन स्त्रिया छोट्या झालरीचा स्कर्ट जोडलेला, खांदे झाकणारा एकसंध पोशाख घालतात. तो शंभर युआनच्या आसपास कुठल्याही क्रीडादुकानात मिळतो. धास्ती वाटायचीच असेल तर ती अंघोळीच्या जागेची. तिथे पडदे नाहीत, एक मोठी खोली आणि भिंतीला ओळीने फवारे, आणि सर्व वयाच्या स्त्रिया विवस्त्र होऊन, एकमेकींच्या पाठी चोळत, मोठ्याने बोलत अंघोळ करतात. मी पहिल्या दिवशी पोहण्याच्या पोशाखातच अंग भिजवून बाहेर आले. ऑक्टोबरपर्यंत मीही त्यांच्यासारखीच अंघोळ करू लागले होते. सत्तरीच्या शरीराकडे इतक्या सहजपणे पाहायला मी त्या खोलीत शिकले, आणि स्वतःच्या पंचेचाळिशीच्या शरीराविषयीची कुरकुर तिथेच बरीच कमी झाली.

सप्टेंबरात गटाने माझ्याकडे एक मागणी केली, जी इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीयाकडे कधी ना कधी होते: योग शिकव. १९८५ पासून चिनी दूरचित्रवाणीवर झांग हुईलान यांचा योगाचा कार्यक्रम कित्येक वर्षे चालला, आणि गटातल्या दोघी तो पाहून घरी आसने करत असत. मी योगशिक्षिका नाही हे स्पष्ट सांगितले, पण सूर्यनमस्कार मला शाळेपासून येतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्यांचा महाराष्ट्रभर प्रसार केला, ते सूर्यनमस्कार सूर्यासाठी बांधलेल्या बागेत घालायचे, याचा मला मनापासून आनंद झाला. अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. थंड जमिनीला पोट आणि छाती टेकवायला कोणीही तयार होईना. शेवटी प्रत्येकीने घरून जाड सतरंजी किंवा मुलांची फोमची चटई आणली, आम्ही वेळ सकाळी सातऐवजी ऊन चढल्यावर नऊची ठेवली, आणि अष्टांग स्थितीत छातीखाली जाकिटाची घडी ठेवायला मी परवानगी दिली. शिक्षिकाबाई पहिल्या दिवसापासून माझ्या मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

ऑक्टोबरमध्ये वस्तीच्या समितीने ज्येष्ठांच्या सणानिमित्त एक छोटा कार्यक्रम ठेवला आणि आमच्या गटाला त्यात ताई-ची करायची होती. त्यासाठी ऑनलाइन एकसारखे गुलाबी पोशाख मागवले गेले, माझ्या वाट्याला नव्वद युआन आले. मापे मोबाइलवर मागवली होती. इथली मापे आपल्यापेक्षा लहान असतात, म्हणून नेहमीच्या मापापेक्षा एक किंवा दोन क्रमांक मोठे सांगावे. त्या दिवशी आमची ओठांना लाली लावून छायाचित्रे काढली गेली. एरवी कोटाच्या खिशात हात घालून येणाऱ्या बायका त्या सकाळी केस विंचरून, ताठ उभ्या होत्या.

१५ नोव्हेंबरला शहरभर घरे उबदार ठेवणारी केंद्रीय उष्णता सुरू होते आणि ती १५ मार्चपर्यंत चालते. घरात टी-शर्टवर राहता येते आणि बाहेर पारा शून्याच्या खाली असतो, त्यामुळे बाहेर पडताना थर चढवणे हाच एक स्वतंत्र उद्योग होतो. माझा क्रम आता ठरलेला आहे: आत सुती लांब थर, त्यावर लोकरी, आणि वर पायघोळ पिसांचा कोट, जो इथे पाचशे युआनपासून चांगला मिळतो. तो भारतातून आणू नये. आमचा गट हिवाळ्यात साडेसातला सुरू होतो, सगळे कोट घालूनच उभे राहतात आणि अर्धा क्रम झाला की एकेक कोट फांद्यांवर जातो. डिसेंबरअखेर शिछाहाय तलाव गोठल्यावर तिथे बर्फावर खुर्च्यांच्या घसरगाड्या सुरू होतात. त्याच परिसरात बर्फ फोडून पोहणारे वयस्क पुरुषही पाहिले. लाल झालेल्या अंगावर केवळ पोहण्याची चड्डी घालून ते काठावर शांतपणे केस पुसत होते. गारव्याच्या वाटांविषयी इतके सांगणाऱ्या शहरात हेही आहे. मी शिक्षिकाबाईंना त्याविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की ते लोक उन्हाळ्यापासून एक दिवसही न चुकता उतरतात, म्हणून त्यांना बाधत नाही. तू मोजे घाल.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी द्यावा लागतो. मी फेब्रुवारी २०१९ मध्ये वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी संपताच तो दिला. सुट्टीत कार्यालये बंद असतात, तेव्हा मार्चमध्ये मुदत संपणाऱ्यांनी तारखा आधीच मोजून ठेवाव्यात. या वेळीही पासपोर्ट तिथे राहिला, परंतु खाते आणि मोबाइल चालू असल्यामुळे काही अडले नाही.

इथे येणाऱ्या कोणाला रितानच्या गटात यायचे असेल, तर एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी सात आणि इतर महिन्यांत साडेसात ही वेळ आहे, पाऊस आणि खराब हवा असेल तर सुट्टी. पातळ तळव्याचे बूट इथे येऊन घ्यावेत, घोटे झाकणारे सुती मोजे मात्र घरून आणावेत, कारण ते आपल्याकडे स्वस्त आणि चांगले मिळतात. सूर्यनमस्कार मंगळवारी आणि शुक्रवारी नऊ वाजता असतात, चटई आपली आपण आणायची.